हळद लावलेली मेढ

आमच्याकडे रानातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. माझी धाकटी सून पुण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, सासरच्या शेतात कुस्त्या होतात. मी म्हटलं, होतात की, पण चिखलाशी. ती पोट धरून हसली. पुढचं मी तिला काही सांगितलं नाही. ते आज लिहायला बसले आहे, कारण ते माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच उरले, आणि माझंही काही खरं नाही.

आमचा आखाडा कयाधू नदीच्या काठाला, खोलगट जागी होता. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी तो उभारला. सागाच्या बारा मेढी. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेला जाड खांब, त्या बेचक्यात आडवं लाकूड बसतं. भिंती तुराट्यांच्या, शेणानं लिंपलेल्या. वर गवताचं छप्पर. जागा निवडणाऱ्यानं पाणी जवळ आहे एवढंच पाहिलं, पाणी किती जवळ आहे ते पाहिलं नाही. पावसाळा लागला की जमिनीतून ओल वर चढायची ती थेट दिवाळीपर्यंत. कडबा बुरसायचा, चामड्याच्या वाद्यांवर पांढरी बुरशी यायची, जनावरांची खुरं कुजायची. खाली चिखल आणि वर गळकं छप्पर, अशात आम्ही गडीमाणसांसारखे राबायचो, आणि पावसाळ्यात कामाच्या दिवसांत मुक्कामही तिथंच असायचा.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात सासरे, माझा नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, म्हणजे मनातल्या मनात. कारण सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला नाव घेऊन हाक मारायची नाही, अशी तेव्हाची रीत. इतर घरांत मधे सासू असते, ती इकडचं तिकडे पोचवते. आमच्याकडे मधे कोणीच नव्हतं. मग मामंजी वस्तूंशी बोलायचे. पाणी हवं असलं की रिकाम्या लोट्याला म्हणायचे, "तहान लागली बुवा." मीठ कमी पडलं की भाकरीला सांगायचे. जनावरं तर त्यांना फारच सोयीची पडायची. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदा ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "माहेराची आठवण येऊन राहिली असल तर चार दिस जाऊन यावं. इथलं काय, आमी भागवू." मी दारात उभी. मला कळेना, हे गाईला चाललंय का मला. नवरा दोन दिवस हसत होता. गाय गेली नाही, मी जाऊन आले.

हळूहळू मीही त्याच भाषेत बोलायला शिकले. उंबऱ्यात तेलाची रिकामी बुधली ठेवली की तेल संपलं. सुपात निवडलेले दाणे त्यांच्या खाटेपाशी ठेवले की बियाणं तयार झालं. एकदा मला ताप होता तेव्हा चुलीजवळ न घासलेली भांडी तशीच राहू दिली, तर संध्याकाळी ते स्वतः भांडी घासताना दिसले. त्यांना सगळं बराबर कळायचं. बोलून जितकं कळतं तितकंच, असं मला वाटायचं. तीच माझी चूक झाली, पण ते पुढे येईल.

माझं पहिलं लेकरू मुलगी होती. आठ महिन्यांची झाली तेव्हा श्रावण होता आणि आम्ही दोघं नवराबायको खुरपणीसाठी आखाड्यावर होतो. मामंजी गावात. झड लागली. ओढ्याला पाणी आलं आणि गावाची वाट तुटली. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला, मग जुलाब लागले. नवरा दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन छातीएवढ्या पाण्यातून परत आला. औषध म्हणून माझ्याकडे ओवा आणि सुंठ. ते उगाळून चाटवत राहिले. तिसरा दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी आमच्याकडे जमीन खणत नाहीत, कुदळ लावत नाहीत. पोरीनं तो दिवस काढला. पंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध पीत पीत, ती गेली. बापाला खणायची अडचण होऊ नये एवढी तिला समज होती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत राहिले.

दात न आलेल्या लेकराला पुरतात, दात आलेल्याला जाळतात. तिचा खालचा एक दात हिरडीतून वर आला होता. दोन दिवसांपूर्वी पाजताना तो मला टोचला होता. मी नवऱ्याला सांगितलं नाही. एवढ्याशा देहाला आग लावायची, हे मला सोसलं नसतं. आणि त्या पावसात कोरडं लाकूड तरी कुठं होतं! बाहेर गुडघाभर चिखल, बांधावर पुरावं तर कोल्ही उकरणार. आखाड्यात एकच जागा जरा उंच आणि कोरडी होती, आतल्या अंगाच्या मेढीपाशी. तिथं गाय बांधलेली असायची. नवऱ्यानं गाय सोडून दुसरीकडे बांधली, मेढीच्या उगवतीला हातभर अंतरावर खड्डा घेतला. जनावरांसाठी खडेमीठ ठेवलेलं होतं, ते सगळं वापरलं. माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ भाग फाडून मी तिला गुंडाळली. माती मीच लोटली.

पाणी ओसरल्यावर गावात आलो. नवरा मामंजींना म्हणाला, "पोरगी गेली, रानातच ठिवली." तेरावा नाही, सुतक नाही. लहान लेकराचं काही करत नाहीत. चार दिवसांनी मी पुन्हा खुरपं घेऊन रानात.

त्यानंतरची चार वर्षं ती मेढ माझी होती. कुणाला हे माहीत नव्हतं. गाय पुन्हा तिथं बांधली नाही. मला काटा लागला, कंबर धरली, कसलंही निमित्त करून मी त्या मेढीला पाठ टेकून बसायची. उजव्या हाताला हातभर जागा मोकळी सोडायची. पुढे मला मुलगा झाला, तेव्हा त्याची झोळी मी त्या मेढीला आणि शेजारच्या मेढीला बांधली. भाऊ-बहीण जवळ राहतील म्हणून. नवऱ्यानं झोळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि झोळीची गाठ पक्की केली. आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

मग एक बैल खुरं कुजून बसला तो उठलाच नाही. मामंजींनी जेवताना ठरवून टाकलं. मी चुलीपाशी होते, मला आतून ऐकू आलं.

"आखाडा मोडायचा," ते नवऱ्याला म्हणाले. "वलीनं जनावरं मरून राहिली. घराच्या अंगणात नवा गोठा बांदू. सागवान अजून चांगलं हाय, तेच काढून आणू. आन् त्या जागंला हळद लावू. पन्नास वर्सांचं शेण मुरलंय तितं."

माझा हात तव्यावर भाजला. ते खरं तर बरोबरच बोलत होते. जनावरं मरत होती, लाकूड चांगलं होतं, जमीन खतावलेली होती. कुणाही शहाण्या शेतकऱ्यानं तेच केलं असतं. म्हणूनच मला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी रानाच्या वाटेवर मी नवऱ्याला म्हटलं, "सगळं मोडा. ती एक मेढ तेवढी ऱ्हाऊ द्या. नुसती उभी ऱ्हाऊ द्या, म्हंजे मला जागा कळल."

"रानात नुसती एक मेढ?" तो म्हणाला. "आबा इच्यारतील, काहून ठिवली म्हणून. काय सांगू?"

"खरं हाय ते सांगा."

"बगतो," तो म्हणाला.

माझा नवरा फार चांगला माणूस होता. कधी माझ्यावर हात उगारला नाही, ताटावर बसून कधी नाक मुरडलं नाही. पण त्याचं 'बगतो' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. टाकताना आवाज येतो, मग काही नाही. बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मला ते ठाऊक होतं. म्हणून मी माझ्यापुरती एक युक्ती काढली.

आमच्या रानात बांधावर एक शेंदूर लावलेला दगड होता. कुठला देव, कुणी मांडला, कुणालाच माहीत नाही. पण नांगर तिथं आला की वळायचा. हळद-कुंकू लागलेल्या वस्तूला आमच्याकडे कुऱ्हाड लागत नाही, पहार लागत नाही. मला वाटलं, मेढीला हळद-कुंकू लावलं की मामंजींना कळेल. रिकाम्या बुधलीवरून तेल कळतं, तसं हेही कळेल. म्हणतील, सुनेनं काहीतरी मानलंय, राहू दे. विचारणारही नाहीत. विचारायची सोयच नव्हती.

वैशाखात मोडायला घेतलं. सुतार होता, आणि तांड्यावरची दोन माणसं त्यांच्या गाड्या घेऊन आली होती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. त्यांतला थोरला आधी छपरावर चढला. सुतारानं दोर कापायला विळा पुढे केला तर तो म्हणाला, "कापू नगं. बांदलेलं सोडता येतं." पन्नास वर्षांच्या काळ्या पडलेल्या गाठी त्यानं एकेक करून सोडल्या. गवत खाली आलं. त्यातून विंचू पडले, चिमण्यांची घरटी पडली, सापाची कात निघाली. कुजक्या गवताचा वास सगळ्या रानात भरला. मग वासे उतरवले, तुराट्यांच्या भिंती आडव्या केल्या. दोन दिवसांत बारा मेढी उघड्या आभाळाखाली उभ्या राहिल्या. आत पन्नास वर्षांत कधी ऊन पडलं नव्हतं, ते पहिल्यांदा पडलं. माझ्या हातभर जागेवरही पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी रानात गेले. मेढ धुतली. हळद लावली, कुंकू लावलं, खाली दोन फुलं ठेवली. आणि हातात कुंकवाचा करंडा घेऊन बाजूला, लिंबाखाली जाऊन उभी राहिले.

माणसं आली. मामंजी पुढे होते. त्यांना मेढ दिसली आणि ते थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातातल्या करंड्याकडे. मला वाटलं, कळलं. बराबर कळलं. माझा जीव भांड्यात पडला.

मामंजी सुताराकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"ही पयली काढायची," ते म्हणाले. "नव्या गोठ्याची मुहूर्ताची मेढ हीच. कुऱ्हाड लावायची न्हाई. हळू काढा."

सुतार खूश झाला. नवं बांधकाम करताना पहिली मेढ पुरतात तिला हळद-कुंकू लावतात. त्याला वाटलं, घरच्या लक्ष्मीनं आपणहून मेढ निवडून दिली. तो तसं बोललाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे बघत होता.

मला फक्त चार शब्द बोलायचे होते. ती मेढ ऱ्हाऊ द्या. सगळे शब्द माझ्या तोंडात होते. मी पदर दातात धरला होता आणि तो मला सोडता आला नाही. परकी माणसं समोर, सासरे समोर. सुनेनं तोंड उघडलं असं तांड्यापर्यंत गेलं असतं. आज वाटतं, जाऊ द्यायचं होतं. तांड्यापर्यंत काय, पार बसमतच्या बाजारापर्यंत जाऊ द्यायचं होतं. पण तेव्हा मी वीस-बावीस वर्षांची होते आणि मला लाज फार होती.

पहारी घेऊन माणसं पुढे झाली. मामंजी मधे आले. म्हणाले, "हिकडून खणू नका. मावळतीच्या अंगानं खणा." आणि ते स्वतः उगवतीच्या बाजूला, मेढीला खांदा देऊन उभे राहिले. तेवढं तरी बरं झालं असं मला वाटलं. नशीबच म्हणायचं. माणसांनी मावळतीकडून माती काढली, मेढ हलवली, आणि ती वर आली. जमिनीतला भाग काळा पडला होता, पण आतून टणक होता. मामंजींनी गाडीत कडबा पसरायला लावला आणि मेढ त्यावर आडवी ठेवली. बाकीच्या अकरा मेढी नंतर नुसत्या एकावर एक टाकून नेल्या.

सगळे गाड्यांपाशी गेले तेव्हा मी तो खड्डा पायानं बुजवला. मग वाकून हातानं सारखा केला. मनात एकच चाललं होतं. म्हातारा माझ्याकडून ती घेऊन गेला.

अंगणात नवा गोठा उभा राहिला. पहिली मेढ ती रोवली. नारळ फुटला. घरची सुवासीण म्हणून हळद-कुंकू मलाच लावायचं होतं, लावलं. तिकडे रानात जागा नांगरली आणि हळदीचं बेणं लावलं. मी लिंबाच्या बुंध्यापासून पावलं मोजून ठेवली होती. सत्तावीस. पण नांगरट झाली की पावलाला पाऊल सारखं पडत नाही. पहिल्या वर्षी सत्तावीस पावलांवर एका जागी उभी राहिले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच जागी. मला वाटलं होतं, निदान पीक तरी तिथं वेगळं दिसेल. तसंही झालं नाही. सगळं आखाड्याचं रान सारखंच हिरवंगार उठलं. लोक बघायला यायचे. असली हळद कळमनुरीच्या वाटेवर कुठं नाही म्हणायचे.

हळद खणायला बायका असायच्या, त्यांत मी. ढेकूळ फोडलं आणि आत काही पांढरं दिसलं की माझा हात थांबायचा. चुनखडी निघायची, शंखाचा तुकडा निघायचा. एक तांदळाएवढा दात मी किती वर्षं शोधला, ते कुणाला सांगू! शेजारची बाई म्हणायची, "अगं, सोनं हुडकून राहिलीस का काय?"

मामंजींचा मी राग धरला. उघड नाही, तशी सोय नव्हती, पण मनापासून धरला. त्यांची भाकरी करपली तर करपू द्यायची. लोटा भरून ठेवायचा, पण हाताला येणार नाही असा लांब. ते उठून घ्यायचे. करपलेली भाकरी हातात धरून मेढीला सांगायचे, "आज भाकर खरपूस झाली. आसलीच ग्वाड लागते." त्यानं माझा राग आणखी वाढायचा.

त्या मेढीचं त्यांना फारच कौतुक होतं. तिला ते कधी जनावर बांधू देत नसत. जागा अडली, बैलांची ओढाताण झाली, तरी ती मोकळीच. संध्याकाळी तिच्याशेजारी बसायचे, एक हात तिच्यावर ठेवून. दिवाळीला पहिली पणती तिथं. मी म्हणायची, मुहूर्ताच्या मेढीची काय ही मिजास! आणि श्रावणात तर हद्द व्हायची. नागपंचमी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी ते वाटीभर दूध तिच्या बुडाशी ठेवायचे. नागाचा दिवस काल झाला हे म्हाताऱ्याच्या लक्षातच राहत नाही, असं मला वाटायचं. वर्षानुवर्षं तोच घोटाळा. आज माझ्या लेकराचा दिवस, आणि हे शिळ्या पंचमीला नागाला दूध पाजतात, म्हणून मी आत बसून रडायची. नवऱ्याला हे सांगितलं की तो उठून बाहेर जायचा.

मग मोगलाईचं, म्हणजे निजामाच्या राज्याचं, शेवटचं वर्ष आलं. गावोगाव रझाकारांची धास्ती होती. लोक गुरंढोरं, दाणागोटा घेऊन पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघाले होते. नवरा थोरल्या मुलाला, त्याच्या पाठच्या धाकट्याला आणि सगळ्या जनावरांना घेऊन पलीकडे माझ्या आत्याच्या गावी गेला. मामंजींच्या पायांवर सूज होती, त्यांना दम लागायचा, गाडीचे धक्के सोसले नसते. मी त्यांच्यापाशी मागे राहिले. त्यांनी आपली खाट गोठ्यात, त्या मेढीखाली टाकायला लावली होती. गोठा रिकामा. गाय नाही, बैल नाही, शेळीसुद्धा नाही. बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. चार-पाच दिवस ते मेढीशी बोलले, मग तेही बंद झालं.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारून त्यांच्या पेजेसाठी दूध आणलं. ते पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. मेढीकडे नाही, भांड्याकडे नाही, माझ्याकडे.

"पोरी," ते म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "त्यातलं वाटीभर दूद मेढीपाशी ठिव."

मला काय झालं कोण जाणे, मीही सरळ बोलले. "मामंजी, नागपंचमी काल झाली."

"नागाला न्हाई गं," ते म्हणाले. "आपल्या लेकराला."

त्यांना दम लागत होता, ते थांबून थांबून बोलले. "मेढी काढायच्या आदल्या दिशी पोरानं मला सांगितलं व्हतं, पोरगी त्या मेढीपाशी हाय म्हणून. पुढं बोलायचं व्हतं त्याला काही, पर त्याला रडू आलं. म्या रातभर इच्यार केला, काय करावं. आन् सकाळी बगतो तर तू हळद लावलेली. तवा मला कळलं, तुला तिला घरी आणायची हाय." ते मेढीला हात लावायला गेले, हात पोचला नाही. मी तो धरून मेढीवर ठेवला. "तिला धक्का लागू दिला न्हाई म्या. मावळतीकडनं खणायला लावलं. तितली मूठभर माती बी धोतराच्या सोग्यात बांदून आणली आन् मेढीखाली टाकली. तुला रोज रानात जाया जमलं नसतं. इथं डोळ्यापुढं ऱ्हाती. बराबर केलं ना म्या?"

नाही केलं मामंजी. ती तिकडेच आहे. हळदीखाली आहे, आणि कुठं आहे ते मला आता सापडत नाही. मला फक्त जागा हवी होती आणि तुम्ही मला लाकूड आणून दिलंत. हे सगळं माझ्या तोंडात आलं, आठ वर्षांपूर्वी आलं होतं तसंच. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांना शाबासकी हवी होती. आठ वर्षं ह्या माणसानं माझी करपलेली भाकरी खाल्ली होती आणि माझ्या लेकराची एकही तिथी चुकवली नव्हती.

"व्हय मामंजी," मी म्हणाले. "बराबर केलं."

मी वाटीभर दूध मेढीच्या बुडाशी ठेवलं. ते दिवसभर शांत झोपले. त्यानंतर अकरा-बारा दिवसांनी गेले. नवऱ्याला निरोप पोचला नाही, भावकीतल्या पुतण्यानं अग्नी दिला. मी त्यांच्यासाठी जितकी रडले तितकी माझ्या वडिलांसाठीही रडले नव्हते. बायका म्हणाल्या, सासऱ्यावर फार जीव दिसतो. त्या रडण्यात राग किती होता आणि माया किती, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. अजून येत नाही.

मोगलाई गेली. दसऱ्याच्या आधी नवरा पोरांना आणि जनावरांना घेऊन परत आला. भावकीतले लोक, शेजारी, सुतारसुद्धा, सगळे भेटायला अंगणात जमले होते. बाप गेल्याचं ऐकून नवरा गोठ्याच्या दारात नुसता उभा राहिला. मग काहीतरी करायचं म्हणून त्यानं बैल आत घेतले. रिकामा गोठा, समोर रिकामी मेढ. तो थोरल्या बैलाचं दावं तिला बांधायला गेला. मला वाटतं, त्याच्या ध्यानात आलं नाही.

"तितं नगं," मी म्हणाले.

अंगणातले सगळे वळून बघायला लागले. एवढ्या बाप्यांच्या देखत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. पदर माझ्या डोक्यावर होता, दातात नव्हता.

"ती मेढ ऱ्हाऊ द्या."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं बैल पुढच्या मेढीला बांधला.